पानावर धरलेला हात

सिस्टर, हे मी मराठीत लिहिते आहे. शिक्षा करायची असेल तर करा. तुमच्या शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलीला दंड नव्हता, छडी नव्हती, गळ्यात पाटीही अडकवत नसत, आणि त्यामुळे आपण इतर कॉन्व्हेंटांपेक्षा फार सभ्य आहोत असं तुम्हाला वाटत असणार. तुमच्याकडे कुंडी होती. मुख्य इमारतीच्या लांब व्हरांड्यात ते फाटक्या पानांचं झाड होतं, जे आता रोपवाटिकेत मॉन्स्टेरा म्हणून दिमाखात विकतात. केरळातल्या घरून त्याचा एक तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून तुम्ही आगगाडीतून आणला होता, आणि जिथे मे महिन्यात माणसं भिंतींना चिकटून चालतात त्या यवतमाळात ते जगवायचा तुम्ही हट्ट धरला होता. जी मुलगी ‘मले’ नाहीतर ‘तुले’ म्हणताना सापडेल, तिने दिवसभर प्रत्येक तासाच्या घंटेला ती कुंडी, खाली पोतं घालून, ऊन सरकेल तशी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत ओढत न्यायची. आणि सापडायची ती मीच. बाकीच्या मुली काय व्हिक्टोरिया राणीच्या घरी जन्मल्या होत्या? त्याही तेच बोलायच्या, पण माझा आवाज मोठा. घाटंजीच्या घरात आम्ही भावंडं एकमेकांशी ओरडूनच बोलत असू. तुम्ही व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला पाठमोऱ्या असलात तरी तुमच्या कमरेच्या किल्ल्या थांबायच्या आणि माझं नाव यायचं. बोर्डिंगमध्ये माझं नाव ‘कुंडीवाली’ पडलं ते शाळा सुटेपर्यंत टिकलं.

कुंडी नेऊन ठेवली की तुम्ही येऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “हात धर.” मी पानाच्या वर वीतभर हात धरायची. “सावली कसा आहे, बोल.” तुम्हाला मराठी एवढंच यायचं आणि तेही असं, पण त्यासाठी तुम्हाला कोणी कुंडी ओढायला लावत नसे. मी सांगायची, काठ स्पष्ट दिसतात, बोटं मोजता येतात. “मग मागे.” मी कुंडी मागे ओढायची. आता काठ विरघळल्यासारखे दिसतात. “बास.” आणि सावली अजिबात पडली नाही तर? तर झाड उपाशी, असं तुम्ही इंग्रजीत सांगितलं होतं. अंधारात पान सबंध येतं, त्याला फाटायची ताकद मिळत नाही. झाडाला आकाश दिसलं पाहिजे, सूर्य दिसता कामा नये. मी पुढे जिल्हा न्यायालयात स्टेनो झाले, साहेबांचं इंग्रजी डिक्टेशन घेत जन्म काढला, ती भाकरी तुमच्या इंग्रजीची होती हे मी नाकारत नाही. पण तुम्ही शिकवलेल्या गोष्टींपैकी अजूनही रोज वापरते ती ही एकच. तुम्ही दिलेल्या फांदीपासून वाढलेलं झाड, त्याच्या फांदीपासून दुसरं, असं करत ते अजून माझ्या पुढच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीशी उभं आहे.

उन्हाळ्यात मात्र ते तिथे राहू शकत नाही. आमच्याकडे चैत्र लागला की घरातली सगळ्यात चांगली खिडकी कूलरला द्यावी लागते. बाहेरून लोखंडी घोडा लावायचा, त्यावर कूलर चढवायचा, उरलेल्या फटी पुठ्ठ्याने बुजवायच्या. पावसाळा येईपर्यंत पुढच्या खोलीत दिवसासुद्धा ट्यूब लावून बसायचं. बऱ्याच बायका इथेच चुकतात. कूलरची गार ओली हवा झाडाला मानवेल म्हणून कुंडी त्याच्या तोंडाशी ठेवतात. हवा मिळते, उजेड जातो, आणि झाड हळूहळू पांढुरक्या, लांब, अशक्त दांड्या काढत मरतं. मी दरवर्षी माझं झाड मागच्या व्हरांड्यात नेते, हिरव्या जाळीखाली. तिथे जागा ठरवायला दोन-चार दिवस लागतात, कारण दुपारच्या उन्हाची एक पट्टी जाळीच्या कडेने आत शिरते आणि रोज थोडी थोडी पुढे येते. या वर्षीही नेलं. जेवणं झाल्यावर पानावर हात धरला आणि खाली पाहिलं, तर पानावर दोन हात होते.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. तुमच्या चॅपलमधल्या गोष्टींवरही ठेवला नाही, तुम्हाला ते माहीत होतं. मागे वळून पाहिलं. व्हरांड्यात मी एकटी होते, वहिनी, माझ्या धाकट्या भावाची बायको, आत भांडी विसळत होती. पुन्हा पाहिलं. माझ्या हाताच्या सावलीला लागूनच दुसऱ्या हाताची सावली होती, जरा फिकट, जरा वर, बोटं माझ्या बोटांच्या मधून आलेली. मी हात काढला तर दोन्ही गेल्या. मी हात धरला तर दोन्ही आल्या. काठ मऊ होते, अगदी तुम्ही सांगितलेत तसे, विरघळलेले. मी स्वतःशीच “बास” म्हटलं आणि कुंडी तिथेच सोडून आत आले. दुसऱ्या दिवशीही मी गेले, तिसऱ्याही. हात धरला की तुम्ही यायच्या. मी मनातल्या मनात तुमच्याशी बोलू लागले होते, आणि खरं सांगायचं तर भांडूच लागले होते.

चार दिवसांनी मोठ्या पानावर तपकिरी चट्टे पडले. कागद विस्तवाजवळ धरल्यावर पडतो तसा रंग, आणि मधला भाग हाताला कुरकुरीत. मी वहिनीला हाक मारली. माझा भाऊ गेल्यापासून ती आणि मी दोघीच या घरात राहतो. ती उमरखेडकडची, दिवसभर बोलते, आणि माझ्या मते घरात जे काही बिघडतं ते तिच्या हातून बिघडतं.

“कुंडी कोणी सरकवली?”

“म्या कायले सरकवू?”

“मग ही उन्हात आली कशी? पान भाजलंय, दिसत नाही तुला? इतका निष्काळजीपणा!”

“माह्यावर कायले बिल फाडता, ताई? तुम्हीच त ठेवली. रोज दुपारी हात धरून उभ्या राहता. ऊन पार हातावर पडून राह्यलं होतं, अन् तुम्ही म्हणाल्या, बास. म्या म्हनलं, असन काही इंग्रजी पद्धत.”

“ऊन नव्हतं. सावली मऊ होती.”

“मऊ? अवो, अशी का बोटं मोजून घ्या!” ती खळकन हातातलं ताट ठेवून पुढे आली. “तुम्हाले दिसून नाही राह्यलं, हे सांगा ना सरळ. परवा एक चप्पल काळी अन् एक चॉकलेटी घालून बँकेत गेलत्या. म्या काही म्हनलं?”

“का नाही म्हणालीस?”

“तुम्हाले कोन सांगन?”

सिस्टर, ‘निष्काळजी’ हा शब्द मी तिच्यावर फेकला तेव्हा तो माझा नव्हता. तो तुमचा होता. तुम्ही तो इंग्रजीत, सगळ्या वर्गासमोर, माझ्यावर फेकला होता, आणि मी तो इतकी वर्षं जपून ठेवला आहे. मी मामाच्या लग्नासाठी घरी गेले होते. परत आले त्या सकाळी तुम्ही मला बाकावर उभं केलंत. तुमच्या हातात कापलेलं पान होतं, असेच तपकिरी चट्टे पडलेलं. हे तू केलंस, कुंडी उन्हात सोडलीस, तुला कशाचीच किंमत नाही. मुली खाली बघून हसत होत्या. मी म्हटलं, सिस्टर, मी इथे नव्हते, मी कालपर्यंत घाटंजीला होते. तुम्ही हजेरी पाहिली नाहीत, कोणाला विचारलं नाहीत. तुमचा चेहरा माझ्या उजव्या खांद्याच्या जरा पलीकडे कुठेतरी बघत होता. मग तुम्ही हळू आवाजात, इंग्रजीतच म्हणालात, “मग तू इथे असायला हवी होतीस.” आणि मला बसायलाही न सांगता धडा सुरू केलात. आता सांगा, न्यायालयात बसणाऱ्या कोणत्या बाईला हा न्याय पटेल? आरोपी जागेवर नव्हता हे सिद्ध झालं, म्हणून जागेवर नसण्याचीच शिक्षा. तासाची घंटा होईपर्यंत मी बाकावर उभी होते. माफी कधी आली नाही.

वहिनीने मला अक्षरशः ओढत डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण, आपल्याच भागातला. त्याने एकेक डोळा झाकून पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा जास्त पिकलेला. उजव्याने सगळं धुक्यातलं, पण एकच दिसत होतं. डाव्यासमोर त्याने एक बोट धरलं आणि मी म्हटलं, दोन. तो म्हणाला, होतं असं मॅडम, भिंग एकसारखं गढूळ होत नाही, मग एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा पडतात. पानावर दोन हात दिसले म्हणालात ना, ते दोन्ही तुमचेच. “मले वाटलं ताईले इंग्रजी शिकून डोये चार झाले,” वहिनी म्हणाली आणि तो हसला. काठ मऊ का दिसतात तेही त्याने सांगितलं. या डोळ्यांना सगळ्याच गोष्टींचे काठ मऊ दिसणार. कडक ऊनसुद्धा. मी आयुष्यभर तज्ज्ञांच्या साक्षी टिपून घेतल्या आहेत; त्या ऐकून कोणाच्या मनाचं समाधान झालेलं मी फारसं पाहिलं नाही. माझी उजव्या हाताची करंगळी लहानपणी मोडून वाकडी बसली आहे. पानावरच्या त्या दुसऱ्या हाताची करंगळी मला सरळ दिसत होती. हे मी डॉक्टरला सांगितलं नाही. धुक्यात दिसलेल्या गोष्टीची साक्ष कोण घेतं?

पण दवाखान्यातून रिक्षाने परत येताना मला दुसरंच काहीतरी दिसू लागलं, आणि ते अजून थांबत नाही. तुमचा चष्मा. बाटलीच्या बुडासारखा, आणि तरीही कविता तुम्ही पुस्तक मिटून म्हणायच्या. आम्हाला वाटायचं, काय पाठांतर! वाचायचं असेल ते तुम्ही एखाद्या मुलीला उभं करून वाचायला लावायच्या. वह्या दुसऱ्या सिस्टर तपासायच्या. तुम्ही आम्हाला चेहऱ्यावरून हाक मारल्याचं मला आठवत नाही. तुम्ही आवाजावरून हाक मारायच्या. म्हणून मी सापडायची. व्हरांड्याच्या त्या टोकावरून तुम्हाला ऐकू यायचं, दिसत नव्हतं. आणि प्रत्येक घंटेला, माझी परीक्षा घेतल्यासारख्या कडक आवाजात, तुम्ही विचारत होता, सावली कशी आहे, बोल. मी समजत होते की उत्तर तुम्हाला माहीत आहे. सिस्टर, तुम्हाला ते माहीत नव्हतं. तुम्ही मला विचारत होता. रोज एका पोरीचे डोळे मिळावेत म्हणून तुम्ही ती शिक्षा काढली होती का? मला ठाऊक नाही, मी फक्त तर्क करते आहे, आणि माझे तर्क वरच्या कोर्टात टिकणार नाहीत. पण मी लग्नाला गेले त्या दिवशी कुंडी तुम्ही स्वतः ठेवली असणार. हात धरला असणार, काठ मऊ दिसले असणार, आणि तुम्ही “बास” म्हणाल्या असणार.

तसं असेल तर सांगितलं का नाही? मला याचा संताप येतो. त्या काळीही ऑपरेशनं होत होती, शिबिरं भरत होती. भीती कसली होती? निकामी झालेल्या सिस्टरना परत पाठवतात, केरळातल्या कुठल्याशा आश्रमात, प्रार्थनेपुरतं उरायला, अशी कुजबुज आम्ही मुलींनीही ऐकली होती. म्हणून गप्प राहिलात? वर्ग सोडवेना म्हणून? मग एका पोरीला बाजूला घेऊन म्हणायचं होतं, मला दिसत नाही, तू बघून सांगत जा. मी सांगितलं असतं. मी मोठ्या आवाजात बोलणारी होते, पण चहाडखोर नव्हते. त्याऐवजी तुम्ही मला कुंडीवाली केलंत.

सुट्टी लागली त्या दिवशी बोर्डिंगच्या दारात बैलगाडी नाहीतर एसटीची वाट बघत पेट्यांवर बसलेल्या मुलींमधून तुम्ही मला आवाज दिलात. त्या सकाळी मी ब्रही काढला नव्हता, मग माझा खोकला ओळखलात की काय कोण जाणे. औषधाच्या रुंद तोंडाच्या बाटलीत पाणी, पाण्यात गाठीसकट एक फांदी, तिला गुंडाळीतलं एक पान. तुम्ही बाटली माझ्या हातात दिलीत आणि तिच्यावरून माझी बोटं एकेक करून मिटवलीत. उघडल्यावर पान कसं आलं, फाटलं की सबंध, ते जूनमध्ये येऊन सांग. मला वाटलं, सुट्टीतही शिक्षा. मी थँक्यू म्हटलं ते दात आवळून. घाटंजीच्या घरात परसदाराच्या ओसरीवर मी ती बाटली ठेवली, आई म्हणाली, “कायले आनलं हे गवत,” आणि मी रोज हात धरून सावली पाहत गेले. पान उघडलं. त्याला एका बाजूने दोन चिरा होत्या. ते सांगायला मी जूनमध्ये अगदी पहिल्या गाडीने आले.

तुम्ही नव्हता. नवीन सिस्टरनी सांगितलं की तुम्ही देवाघरी गेलात आणि आपण प्रार्थना करू या. कशाने गेलात ते कोणी सांगेना. व्हरांड्यात तिसऱ्या आणि चौथ्या खांबाच्या मध्ये फरशीवर मातीचा काळा डाग होता, कुंडी नव्हती. दरवानाची बायको आम्हाला पाणी द्यायची, तिला मी गाठलं. ती म्हणाली, “भर दुपार होती, पोरी. उजेड असा का डोये दिपले पाह्यजे. सिस्टरबाई एकल्याच कुंडी ओढून राह्यल्या होत्या, माघारी चालत. पायऱ्या आल्या ते समजलंच नाही त्यायले. पाय हवेतच ठेवला.” रोजच्या पायऱ्या, लख्ख उजेड, माणूस पडतंच कसं, हा प्रश्न मी मनातून कधी काढू शकले नाही. या उन्हाळ्यात कूलरच्या अंधाऱ्या खोलीतून मी मागच्या व्हरांड्यात पाऊल टाकलं आणि समोर नुसता पांढरा रंग पसरला. उंबरठा नाही, फरशी नाही, पायरी नाही. मी चौकट घट्ट धरून उभी राहिले. वहिनी आतून म्हणाली, “काहून थांबल्या जी?” मी म्हटलं, काही नाही. मला तुम्ही दिसत होता, पोत्याचं टोक दोन्ही हातांनी धरून माघारी येणाऱ्या, आणि मला ओरडावंसं वाटत होतं. पण तुमच्या त्या दुपारी मी सुट्टीत घाटंजीला आहे. तिथून कितीही मोठ्याने ओरडले तरी तुमच्यापर्यंत आवाज येत नाही.

झाड वाचलं आहे. भाजलेलं पान कापलं, कुंडी जाळीच्या आतल्या बाजूला घेतली. दुपारी मी वहिनीला बोलावते, पानावर हात धरते आणि विचारते, सावली कशी आहे. तिला शिकवते आहे असा मी आव आणते, आणि ती तोंड वाकडं करून सांगते, “आता लोन्यावानी हाये, राहू द्या.” मला दिसत नाही म्हणून विचारते, हे मी अजून तोंडाने कबूल केलेलं नाही. आम्हा शिकलेल्या बायकांचं नाक फार उंच असतं, सिस्टर. ते तुम्ही मला शिकवायची गरज नव्हती.

ऑपरेशन येत्या आठवड्यात आहे. डॉक्टर म्हणाला, आधी डावा करू, तो जास्त खराब आहे. मी म्हटलं, आधी उजवा. “काहून जी मॅडम?” इतका वेळ पुस्तकी बोलणारा तोही घसरला. मी म्हटलं, मी डाव्या कुशीवर झोपते, मला त्रास होईल. “झोपाले कूस लागते का डोया?” वहिनी म्हणाली. पण त्याने मान्य केलं, डावा नंतर करू म्हणाला, आणि मी मान हलवली. हे पत्र मी जाड पेनाने, एका पानावर चार ओळी मावतील एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. ते कपाटात साड्यांखाली राहील. डाव्या डोळ्याची तारीख जवळ आली की मी काहीतरी कारण काढणार आहे, शुगर वाढली म्हणेन, घरात पाहुणे आहेत म्हणेन, आणि ते खोटं असेल. उजवा डोळा झाकून पानावर हात धरला की तुम्ही अजून येता, आणि माझं तुमच्याशी भांडण संपलेलं नाही.